पोरांशी नशेबद्दल बोलायचं कसं: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर सायन्स शिकवते आणि गेली काही वर्षं आठवी ते दहावीच्या पोरापोरींबरोबर तंबाखू, दारू, गांजा आणि बाकीच्या नशांवर तास घेते. नवीन शिक्षक, पालक, कधीकधी गणपती मंडळाची पोरं पण विचारतात की बाई आम्हालाही यावर बोलायचंय पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. त्यांच्यासाठी हे एका जागी लिहून ठेवतेय, मी जसं करते तसं, त्याच क्रमाने.

आधी माझा पहिला तास कसा फसला ते सांगते. २६ जूनला अमली पदार्थ विरोधी दिन असतो, सगळी शाळा ग्राउंडवर बसवलेली, मी माइकवरून "एकदा तोंडाला लावलं की आयुष्य संपलं" असं ठणकावून सांगितलं, कॅन्सरची पोस्टरं फिरवली, शेवटी शपथ घेतली आणि मला वाटलं झालं काम. संध्याकाळी स्टँडवर नववीतली दोन पोरं माझ्या पुढंच उभी होती, त्यातला एक म्हणाला, "बाई काय पण सांगत्यात राव, माझा चुलता वीस वर्षं मळून खातोय, काय झालंय त्याला?" खरं सांगते, त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याने डोळ्यांनी बघितलेलं मी खोटं पाडायला गेले आणि त्या एका वाक्यापायी मी सांगितलेलं बाकीचं खरं पण वाहून गेलं. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चाललेय, जे खरं आहे तेवढंच बोलायचं आणि जितकं खरं आहे तितक्याच जोरात बोलायचं. नुसत्या भीतीने पोरं थांबत नाहीत हे बाहेर पण तपासून झालंय, अमेरिकेत १९८३ पासून पोलीस शाळांमध्ये जाऊन 'डेअर' नावाचा कार्यक्रम घ्यायचे, प्रचंड गाजला, पण नंतर मोजायला बसले तेव्हा पोरांच्या नशेवर त्याचा फारसा फरक दिसला नाही.

पहिली पायरी: आधी स्वतःची तयारी

तुमच्या भागात पोरांच्या हाताला नक्की काय लागतं ते आधी माहीत करून घ्या. मुंबईतल्या पार्टीच्या गोष्टी गावातल्या आठवीच्या पोराला सांगून उपयोग नसतो. विदर्भात खर्रा, नगर-मराठवाड्याकडे मावा (दोन्ही सुपारी-तंबाखूचे), आमच्याकडे तंबाखू-चुना आणि पुडी, काही घरांत आजीची मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे तरी पोरांना तो ओळखीचा असतोच. मालेगावकडे झोपेच्या गोळीला कुत्ता गोळी म्हणतात, संभाजीनगरकडे बटन म्हणतात. पुण्या-मुंबईत एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर. शब्द माहीत असले की पोरं तुम्हाला परकं समजत नाहीत. पण एक सांभाळा, पोरांसारखं बोलून त्यांच्यातलं व्हायला जाऊ नका, त्यांना ते लगेच कळतं.

आणि घरातलं बघा. तुम्ही स्वतः तंबाखू खात असाल तर पोरापासून लपवून त्याला उपदेश करू नका. माझ्या ओळखीच्या एका बापाने मुलाला समोर बसवून सांगितलं, "मी चौदाव्या वर्षी लागलो, पाचदा सोडली आणि पाचदा परत धरली, मला अजून जमत नाही, म्हणून तू लागू नये असं वाटतं." तो पोरगा मला नंतर म्हणाला की बाबा पहिल्यांदाच खरं बोलले.

दुसरी पायरी: वयाप्रमाणे क्रम

पाचवी ते सातवीत फक्त सुपारी, तंबाखू, गुटखा आणि थोडं दारूबद्दल. पोरांना जे माहीतच नाही त्याची नावं आपण शिकवायची नाहीत. आठवी ते दहावीत सिगरेट, वेप (म्हणजे ई-सिगरेट), बिअर-दारू, गांजा आणि विशेष करून व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन असल्या वासाच्या नशा. एमडी, गोळ्या, पार्टीतलं सगळं अकरावी-बारावीला, किंवा शहरात असाल आणि पोरांनीच विषय काढला तर त्याआधी.

वासाच्या नशेवर जोर का देते ते सांगते. केंद्र सरकारचा एम्सकडून करून घेतलेला देशभराचा सर्व्हे २०१९ ला आला, त्यात हा एकच प्रकार असा निघाला की मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे, १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. आणि शाळेत आपण गांजावर तासभर बोलतो, व्हाइटनरचं नाव पण काढत नाही.

तिसरी पायरी: चिठ्ठ्यांचा डबा

तासाच्या आठ दिवस आधी मी बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा वर्गात ठेवते, झाकणाला फट पाडून. नियम एकच, प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" असं लिहून टाकायची, म्हणजे कुणी टाकली आणि कुणी नाही ते कळत नाही. अक्षर ओळखायचा प्रयत्न करायचा नाही, माझा मला पण हा नियम आहे आणि तो मी वर्गात बोलून दाखवते.

काय काय येतं त्या डब्यात! "सुपारीत तंबाखू नसते मग चालते का." "बिअर म्हणजे दारू का." "पप्पा रोज पितात तर आम्ही काय करायचं." "गांजा शंकराला चालतो मग आपल्याला का नाही." शेवटचा प्रश्न दर वर्षी येतो आणि त्यावर हसायचं नाही, पोरगं मनापासून विचारतंय. मी सांगते की देवावर मी वाद घालत नाही, मी तुझ्या चौदा वर्षांच्या मेंदूबद्दल बोलतेय. पप्पांची चिठ्ठी आली की मात्र मी तास थांबवते आणि सगळ्या वर्गाला सांगते की घरात कुणी पित असेल तर ती तुमची चूक नाही, ती थांबवायची जबाबदारी पण तुमची नाही, आणि घरी भीती वाटत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचाच नंबर आहे. हे वाक्य एखाद्या पोरासाठी सगळ्या तासापेक्षा मोठं असू शकतं.

चौथी पायरी: मुद्द्याचं बोलणं

सुरुवात मेंदूपासून. जेवलो, गोल मारला, सरांनी शाबासकी दिली की मेंदूत डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं, नशा तेच बटण बाहेरून जोरात दाबते. मग मेंदू म्हणतो एवढं येतंय तर मी माझं कमी करतो, आणि नंतर साध्या गोष्टीत मजा येईनाशी होते. शिवाय विचार करून थांबणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, गाडीला पिकअप आधी येतो आणि ब्रेक उशिरा लागतात. म्हणून तोच पदार्थ चाळिशीच्या चुलत्याला आणि चौदाच्या पुतण्याला सारखा नसतो. स्टँडवरच्या त्या पोराला मी हेच उत्तर द्यायला हवं होतं.

मग "बरं वाटतं" हे स्वतः कबूल करा. पोरांना माहीत असतं की वाटतं. ते तुम्ही आधी बोललात की पुढचं ऐकतात.

सुपारी आणि तंबाखूला मी सगळ्यात जास्त वेळ देते आणि त्यासाठी तीन बोटांची चाचणी घेते. सगळ्यांनी आपल्या हाताची मधली तीन बोटं जुळवून उभी तोंडात, पुढच्या दातांच्या मध्ये घालायची. सहज गेली तर ठीक. पहिल्यांदा वर्गात हसाहशी होते, मग शांत होतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोराची दोनच गेली, तिसरं बोट तो दाबत होता आणि जात नव्हतं, आणि बाजूच्याला दिसू नये म्हणून त्याने हात खाली घेतला. मी काही बोलले नाही. तास संपल्यावर प्रयोगशाळेतलं सामान न्यायला म्हणून हाक मारली. सहावीपासून गोड सुपारीच्या पुड्या, दिवसाला सात-आठ, तंबाखू कधीच नाही. गालाच्या आतली कातडी ताठ होत गेली होती, तिखट खाल्लं की आग व्हायची, घरी वाटायचं तोंड आलंय. सिव्हिलच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सांगितलं की हे कॅन्सरच्या आधीचं असू शकतं, आत्ता पुडी बंद झाली तर निदान वाढणं थांबेल. म्हणून "नुसती सुपारी" या शब्दाला वर्गात जागा देऊ नका, सुपारी एकटीच कॅन्सर करू शकते हे सिद्ध झालेलं आहे. (ही चाचणी घ्या पण कुणाची किती गेली हे मोठ्याने विचारू नका, हे हात जोडून सांगते.)

सिगरेटमधलं निकोटिन दहा-वीस सेकंदात मेंदूत पोचतं म्हणून ती इतकी पटकन चिकटते. वेपमध्ये स्ट्रॉबेरीचा वास असला तरी आत बहुतेक वेळा निकोटिनच असतं, आणि देशात २०१९ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे पोरांच्या हातात जे येतं ते चोरून आलेलं, आत काय भरलंय ते कुणी तपासलेलं नाही.

दारूबद्दल पोरांच्या डोक्यात जे चुकीचं आहे ते काढा. लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची अंघोळ, काही केलं तरी दारू लवकर उतरत नाही, लिव्हर आपल्या वेगानेच काम करतं. बिअर ही दारूच. पोरांचं दारूतलं मोठं संकट रोज पिण्याचं नसतं, थर्टी फर्स्टला किंवा मिरवणुकीत पैज लावून तासाभरात ढोसायचं आणि मग गाडीला किक मारायची हे असतं. पैजेवर बोला, लिव्हरचा तक्ता फळ्यावर काढत बसू नका.

गांजाबाबत दोन्ही बाजूंनी खोटं चालतं. "एकदा ओढला की वेडा होतो" हे खोटं आणि "झाडपाला आहे, काही होत नाही" हे पण खोटं. बहुतेकांना एकदा ओढून वेड लागत नाही. पण नियमित ओढणाऱ्या पोरांची आठवण आणि लक्ष मार खातं, वर्गात ते शिक्षकाला दिसतं, आणि ज्यांच्या घरात कुणाला भास होण्याचा, संशयाचा आजार आहे त्यांना तो आजार लवकर गाठण्याचा धोका वाढतो. भांगेचं वेगळं सांगा, ती पोटातून चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, पोरांना वाटतं काही झालंच नाही म्हणून अजून एक ग्लास घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात.

व्हाइटनर, सोल्यूशन, थिनर. इथे मी आवाज चढवते कारण इथे खरंच चढवायला पाहिजे. हुंगल्यावर हृदयाचे ठोके एकदम बिघडून पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो, रोजची सवय असावी लागते असं नाही. आणि मोठ्यांनी लक्षात ठेवा, एखादं पोर हुंगताना दिसलं तर ओरडत मागे धावू नका, दचकून पळाल्यावर त्याच वेळी हृदय बंद पडण्याचा धोका असतो. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत आणा, बसवा.

कोडीनवालं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या श्वास मंद करतात, दारूबरोबर घेतल्या तर झोपेतच श्वास थांबू शकतो. मेफेड्रोन २०१५ ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, त्याने भूक जाते, झोप जाते, दोन-दोन रात्री माणूस जागा राहतो, जबडा आवळून धरतो, छाती धडधडते, मग उतरल्यावर इतकं उदास वाटतं की परत घ्यावंसं वाटतं आणि संशय बळावतो. मुलींना हे "बारीक होशील" आणि मुलांना "रात्रभर अभ्यास होईल" असं सांगून दिलं जातं, म्हणून हे आमिष नाव घेऊन सांगा. पावडर कशी घेतात, कुठे मिळते, कितीला मिळते यातलं काहीही तासात येऊ देऊ नका.

पाचवी पायरी: नाही म्हणायचा सराव

"नशेला नाही म्हणा" असं फळ्यावर लिहून काही होत नाही, नाही म्हणायला तोंडात वाक्य तयार पाहिजे. जोड्या पाडा, एकाने आग्रह करायचा. आग्रहाची वाक्यं पोरांनाच विचारा, त्यांची आपल्यापेक्षा शंभरपट चांगली असतात: "घे ना भावा, एकदाच", "आईला विचारून येतो का", "दोस्तीसाठी". मग नकाराची. माझ्या वर्गात आलेली सगळ्यात कामाची दोन इथे देते, "नाय रे, माझा बाप तोंडाचा वास घेतो" आणि "उद्या मॅच आहे, दम लागतो". भाषण नाही, दोस्ती तुटत नाही, आणि पोरगं तिथून निघतं. पालकांनी पोरांना उघड सांगून ठेवा की अडचणीत आलास तर सगळं माझ्यावर ढकल, आईला खडूस म्हण, चालेल.

घरात एक ठरलेलं वाक्य पण ठेवा. आमच्या घरी ते "आजीची गोळी दिली का?" हे आहे. मुलाने कुठूनही फोन करून हे विचारलं की मी किंवा त्याचे बाबा "लगेच घरी ये" असं रागावून बोलतो आणि गाडी घेऊन निघतो. त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरलेलं आहे. आत्तापर्यंत एकदाच फोन आला. आम्ही काही विचारलं नाही, दोन दिवसांनी भाकरी खाताखाता त्यानेच सांगितलं.

सहावी पायरी: पोराने सांगितलं तर

तासानंतर कुणीतरी रेंगाळतं, चप्पल घालायला फार वेळ लावतं, "बाई माझा एक मित्र आहे ना" असं सुरू करतं. तो मित्र कोण हे विचारू नका. पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच पाहिजे, मनातून कितीही हादरला असाल तरी. दुसरं, "किती दिवस झाले" यापेक्षा "काय झालं, कधी घ्यावंसं वाटतं" हे विचारा. बहुतेक वेळा मागे काहीतरी असतं, घरातली भांडणं, नापास होण्याची भीती, मुलगी बोलायची थांबली, आणि काही वेळा काहीच नसतं, फक्त दोस्तांबरोबर असतो. कुणालाच सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका, जिवावरचं असेल तर एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल, पण कुणाला ते आपण दोघं मिळून ठरवू, हे आधीच बोला.

पालकांनो, लाल डोळे, उशिरा येणं, पैसे कमी पडणं, नवीन दोस्त, या प्रत्येकाला दुसरं साधं कारण पण असू शकतं, परीक्षा असते, मोबाइल असतो. दप्तर उपसू नका. बोला, आणि मारू नका, मार खाल्लेलं पोरगं सांगायचं थांबवतं.

मदत कुठे? १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११२-३५६. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं आणि पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो तिथे पण जाता येतं. लोक पोलिसांना घाबरून उपचाराला जात नाहीत, तर एनडीपीएस कायद्यातच कलम ६४अ आहे, थोडक्या प्रमाणात स्वतःसाठी घेणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

कायद्याचं दुसरं टोक टपरीवाल्याला सांगा. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायची नाही आणि शाळेपासून शंभर यार्डात, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये विकायचीच नाही, हा २००३ चा कायदा. मुलाला दारू, तंबाखू किंवा ड्रग दिलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आम्ही दहावीच्या पोरांना घेऊन मीटरटेपने गेटपासून अंतर मोजलं, ६४ मीटर भरलं, ग्रामपंचायतीला लेखी दिलं, टपरी हलली.

जीव वाचवायचं

हे आठवीपासून सगळ्यांना शिकवाच, आणि करून घ्या. दोस्त नशेत पडलाय, हाक मारली तर उठत नाही, श्वास हळू किंवा घरघर लागलीय, ओठ निळे पडलेत, फिट आलीय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर १०८ ला फोन. झोपला तर उतरेल असं म्हणून एकट्याला सोडायचं नाही. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवायचं, वरचा गुडघा वाकवून पुढे, हात गालाखाली, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकत नाही. उलटी काढायला बोटं घालायची नाहीत, तोंडात पाणी-ताक ओतायचं नाही, थोबाडीत मारून जागं करत बसायचं नाही. श्वासच नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची. डॉक्टरने काय घेतलं विचारलं तर खरं सांगायचं, पुडी-पाकीट सापडलं तर बरोबर न्यायचं.

आम्ही हे सतरंजीवर करतो, पोरं एकमेकांना कुशीवर वळवतात, एकदा एक किरकोळ मुलगी वर्गातल्या सगळ्यात जाड पोराला एकटीने वळवून मोकळी झाली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. गुडघा आधी वाकवला की वजन आपोआप येतं.

नंतर

एक तास घेऊन थांबू नका. ३१ मेचा तंबाखू विरोधी दिन आपल्याकडे सुट्टीत जातो, २६ जूनला शाळा नुकती भरलेली असते, म्हणून मी गणपतीच्या आधी एक, दिवाळीनंतर एक आणि थर्टी फर्स्टच्या आठवड्यात एक असे तीन तास घेते. डबा मात्र वर्षभर लायब्ररीच्या कपाटावर असतो, दर शनिवारी उघडते आणि उत्तरं नाव-गाव न घेता मागच्या फळ्यावर लिहिते. मागच्या शनिवारी चार चिठ्ठ्या निघाल्या, तीनवर "प्रश्न नाही" आणि चौथीवर पेन्सिलने, "पुडी सोडल्यावर चिडचिड किती दिवस राहते". फळ्यावर लिहिलंय: पहिला आठवडा जड जातो, तीन-चार आठवड्यांत बरीच कमी होते, तोंडात चाळा हवा म्हणून बडीशेप किंवा फुटाणे ठेव, सायन्स रूम मधल्या सुट्टीत उघडी असते.